‘कझिन’ला मराठीत काय म्हणायचं?

साहेबाला मराठी शिकवण्याचा धंदा आता कायमचा बसला. साहेबच गेला, तिथं मुनशी काय करणार? पण पंचवीसेक वर्षं माझं घर त्या धंद्यावर चाललं. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी ‘साहेबांच्या मराठीच्या गमती लिहा’ अशी गळ घातली तेव्हा नाही म्हणवेना. गमती आहेतच. जेवायची वेळ झाली की नोकराला ‘मी भुंकला’ असं बजावून सांगणारा एक साहेब होता, आणि त्याचा नोकर इतका मुरलेला की गंभीर चेहऱ्यानं ताट आणून ठेवायचा. पण अशा गमती कुणीही सांगेल. मला लिहायचं आहे ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दापायी खंडाळ्याच्या एका बंगल्यात मी जे पाहिलं ते अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी धंदा कसा चालायचा ते सांगतो. मी तळेगावला शाळामास्तर. पहिली लढाई संपल्यावर रेल्वेच्या कामावर नवे साहेब लोक आले. त्यांना देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. लोणावळ्याच्या एका साहेबाला मास्तर हवा होता, तो मी झालो. तो पास झाला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि पुढे मी शाळा सोडून हेच करू लागलो. सकाळच्या गाडीनं लोणावळा, तिथली दोन घरं करून खंडाळा, संध्याकाळी परत. घाटात विजेच्या गाडीचं काम निघालं तेव्हा तर साहेबांची रीघ लागली होती. व्हरांड्यात एक लहान फळा, समोर वेताच्या खुर्चीत विद्यार्थी. विद्यार्थी माझ्याहून गोरा आणि मोठ्या पगाराचा, त्यामुळे चूक दाखवतानाही जरा बेतानंच दाखवायची.

शिकवायला सगळ्यात अवघड काय, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं ‘ळ’. ‘ळ’ महिन्याभरात येतो. अवघड असतात ती नाती. परीक्षेच्या भाषांतरात हमखास एक वाक्य असायचं, माझा कझिन पुण्याहून आला आहे. ‘कझिन’ हा शब्द आला की मी खडू खाली ठेवत असे. कारण मला आधी विचारावं लागे, कोणाचा मुलगा? बापाच्या भावाचा असला तर चुलतभाऊ, बापाच्या बहिणीचा तर आतेभाऊ, आईच्या भावाचा तर मामेभाऊ, आईच्या बहिणीचा तर मावसभाऊ. मुलगी असली तर आणखी चार बहिणी. साहेब म्हणायचे, एवढे शब्द कशाला? मी सांगायचो, कारण एवढी माणसं आहेत. मग समजावून द्यायचो की मावळातल्या कुणब्याच्या घरात या शब्दांवर पुष्कळ काही ठरतं. बांध कुणाशी, सुतक कुणाचं, भाऊबीज कुणाला. मामाच्या मुलीला आतेभाऊ लग्नाची मागणी घालतो, तो त्याचा हक्कच समजतात. चुलतबहीण मात्र बहीणच. सख्खी असो नाहीतर चार पिढ्यांपलीकडची, एका कुळातली म्हणजे बहीण.

गंमत म्हणजे आपली माणसं बोलताना हे शब्द वापरतच नाहीत. नुसतं भाऊ म्हणतात. ‘चुलत’ हा शब्द भांडण झाल्यावर बाहेर पडतो. एका तरुण इंजिनिअरला मी ही सगळी नाती शिकवली. त्याच्या हाताखालच्या खलाशानं, म्हणजे रुळांवरच्या मजुरानं, भावाच्या लग्नाला रजा मागितली, तेव्हा साहेबानं मोठ्या ऐटीत विचारलं, सख्खा की चुलत? खलाशी बिचारा उतरल्या तोंडानं माझ्याकडे आला. म्हणाला, मास्तर, सायबाला सांगा, आमच्यात असं इचारत न्हाईत. रजा मिळाली, पण तो पुढे कित्येक दिवस त्या साहेबाकडे बघत नव्हता.

आता खंडाळ्याच्या बंगल्याकडे येतो. साहेबाचं नाव डॉसन म्हणू या. त्याला मराठीची गोडी नव्हती. परीक्षा कशीबशी दिली आणि वही मिटली. शिकायची हौस त्याच्या बाईला. मडम लोक बहुधा स्वयंपाकघरापुरतं मोडकंतोडकं हिंदुस्थानी शिकून थांबतात. डॉसनबाईंना मात्र नीट मराठी हवी होती. तिशीच्या आत-बाहेरची बाई, मूलबाळ नाही, साहेब दिवसभर घाटात. आठवड्यातून तीनदा मी जायचो.

नात्यांचा धडा झाला त्या दिवशी बाईंनी आपल्याच माणसांवर सराव सुरू केला. आईची बहीण, मावशी. मावशीचा मुलगा, मावसभाऊ. सगळं बरोबर येत होतं. मग त्यांनी विचारलं, माझे वडील आणि साहेबांचे वडील सख्खे भाऊ, तर साहेब माझे कोण?

मी फळ्याकडे बघत राहिलो. त्यांच्याकडे असं चालतं हे मी वाचलेलं होतं, पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. शेवटी म्हणालो, चुलतभाऊ. बाईंनी वाक्य करून दाखवलं, ‘साहेब माझा चुलतभाऊ आहे.’ व्याकरणात काही चूक नव्हती. मी म्हणालो, बाई, हे वाक्य स्वयंपाकघरात बोलू नका. का ते विचारल्यावर सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसेनाशा झाल्या, आणि आम्ही पुढचा धडा काढला.

त्या घरात म्हादू नावाचा माळी होता आणि त्याची बायको सगुणा घरकाम करायची. दोघं विशीतली, नाणे मावळातल्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. कामाला वाघ, पण बाजारात जायचं म्हटलं की दोघांपैकी कुणीतरी आजारी पडायचं. बाईंना ते नवल वाटे. मला वाटत नव्हतं. गावाकडची माणसं नजर चुकवून राहतात तेव्हा त्यामागे काय असतं ते साधारण ठाऊक असतं. मी विचारलं नाही.

एकदा लोणावळ्याच्या बाजारात म्हादूला गावच्या कुणीतरी पाहिलं. आठवड्याभरात, मी धड्याला गेलो तर बंगल्याच्या फाटकाशी सात-आठ माणसं उभी. पुढे एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्या भावकीतला सगळ्यात वडील माणूस, सगळे त्याला आबा म्हणत होते. त्याच्यामागे सगुणाचा बाप राघू, सगुणाचा मामा कोंडिबा, दोन-तीन तरुण, आणि जरा बाजूला, पदर कपाळापर्यंत ओढून सगुणाची आई ठकूबाई. साहेब घाटात गेलेले. बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ते काय म्हणतात ते मला सांगा आणि मी काय म्हणते ते त्यांना सांगा.

आबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. म्हादू आणि सगुणा एकाच भावकीतले. दोघांचे पणजे सख्खे भाऊ. म्हणजे ती बहीण आणि हा भाऊ. दोघं पळून आली त्याला वर्ष व्हायला आलं. तेव्हापासून दोन्ही घरांचा चुलीपासून पाण्यापर्यंत संबंध तुटलेला. म्हादूचा बाप मधे वारला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला भावकीतलं कुणी आलं नाही, परगावचे पाहुणे बोलवावे लागले. सगुणाची धाकटी बहीण लग्नाची, तिला कुणी बघायलाही येत नाही. तेव्हा दोघांना घेऊन जायचं, वेगळं करायचं, पोरीला लांब कुठंतरी द्यायचं, म्हणजे बाकीच्यांची सुटका होईल.

बाप वारल्याचं म्हादूला तिथंच कळलं. तो बागेच्या कडेला खुरपं हातात धरून उभा होता. सगुणा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि एका नजरेत तिला समजलं की पोर गरोदर आहे. ठकूबाई नुसती दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

मी बाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं. ‘पणजे सख्खे भाऊ’ हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे एवढ्या लांबच्या नात्याला कुणी नातं धरत नाही. मी ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, ते तुमच्याकडं, आमच्याकडं नावं दिलेली आहेत, ती मोडता येत नाहीत. बाई मग मला म्हणाल्या, माझं आणि साहेबांचं नातं यांना सांगा.

मी घुटमळलो. हे एकदा बोललं गेलं की संध्याकाळपर्यंत लोणावळ्याच्या बाजारात पोचणार, हे मला दिसत होतं. उद्या या घरात भांडी घासायला कुणी यायचं नाही. मी इंग्रजीत म्हणालो, बाई, याचा उपयोग होणार नाही, उलट होईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पायरीवर उतरल्या. आबांच्या समोर उभं राहून स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

“साहेब माझा चुलतभाऊ आहे. सख्खा चुलतभाऊ.”

तरुणांपैकी एकजण फिसकन हसला. आबांनी नुसतं मागं वळून पाहिलं, तो गप्प झाला. मग आबांनी मला विचारलं, “मास्तर, बाई चुकून बोलली का?”

“नाही आबा. बरोबर बोलल्या.”

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बाईंकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिवी येते की काय. पण म्हाताऱ्याचा आवाज उलट मऊ झाला. म्हणाले, “मंग बाई, तुमाला बी घरदार सोडून लय लांब यावं लागलं म्हनायचं.”

मी याचं इंग्रजी केलं. इतकी वर्षं मी इकडचं तिकडं करत आलो होतो, पण एखाद्या वाक्यानं ऐकणाऱ्याचा चेहरा असा बदललेला मी पाहिला नव्हता. बाई मराठीत ‘हो’ म्हणाल्या. मग इंग्रजीत मला सांगितलं ते मी सगळ्यांना सांगितलं. त्यांच्याकडे कायद्यानं आणि देवळानं हे लग्न चालतं, पण त्यांच्या आईला ते पसंत नव्हतं. साहेबांच्या घराशी तिचं जुनं वाकडं होतं. लग्नाला ती आली नाही, बोटीवर निरोप द्यायलाही आली नाही, आणि त्यानंतर बाईंनी तिला पाहिलेलं नाही.

इतका वेळ गप्प असलेली ठकूबाई तेव्हा बोलली. तिनं मला विचारलं, “आईनं पुन्ना बोलावलंच न्हाई?”

मी विचारलं. बाईंनी मान हलवली.

ठकूबाईनं पदर मागं सारला आणि ती आपल्या भावाकडे, कोंडिबाकडे वळली. म्हणाली, “दादा, तू घे हिला पदरात.”

वाचकांपैकी ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका कुळातल्या मुलामुलीचं लग्न अडलं तर क्वचित कुठं असं करतात. मुलीला दुसऱ्या कुळातला माणूस, बहुधा मामाच, लेक म्हणून ओटीत घेतो. ती मामाच्या कुळाची झाली म्हणजे तिचा आणि मुलाचा भाऊ-बहिणीचा संबंध सुटतो, आणि मामा कन्यादान करून तिला देतो. शहाण्यासुरत्या माणसांनी आपणच बांधलेल्या भिंतीला ठेवलेलं हे एक दार. पण त्या दारातून जाताना काहीतरी बाहेर ठेवून जावं लागतं.

ते आबांनी बोलून दाखवलं. त्यांनी ठकूबाईला समजावून सांगितलं की हा नुसता तोंडदेखला विधी नाही. नातं बदललं की बदललं. उद्या भावकीत कुणी बोट दाखवलं की ही तर राघूचीच लेक, तर सगळं पुन्हा मोडेल आणि धाकटीचं लग्नही अडेल. “ती कोंडिबाची लेक झाली, मंजी तू तिची आत्या. राघू म्हादूचा भावकीतला चुलता, मंजी तिचा मानाचा सासरा, त्याच्याम्होरं डोक्यावर पदर घ्यावा लागंल तिला. चारचौघांत तुला आई म्हनायची न्हाई ती. कवाच न्हाई.”

“आत्या म्हनंल,” ठकूबाई म्हणाली. “म्हनू दे. हाक तर मारंल.”

राघू तोंड फिरवून फाटकाच्या खांबाकडे बघत होता. कोंडिबानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग बहिणीकडे, आणि म्हणाला की त्याची ना नाही, बायकोचीही नसेल. आबांनी राघूला विचारलं. राघूनं नुसता हात वर केला. आबांनी तो होकार धरला.

तिथंच सगुणा दारातून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आई म्हणूनच तिनं हंबरडा फोडला. आबांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून माझ्याकडे वळले. म्हणाले, मास्तर, सायबाच्या भाषेत आत्याला काय म्हनत्यात? मी म्हणालो, आंट. मावशीला? मी म्हणालो, तेच. मामीला? तेच. चुलतीला? तेही तेच. आबा थोडा विचार करून म्हणाले, “बरं हाय तुमचं. चुकायचं भ्याव न्हाई.” आणि मग त्या पोरीचं रडणं संपेपर्यंत ते मला काहीबाही विचारत राहिले. आजेसासऱ्याला काय म्हणतात, साडूला काय म्हणतात. उत्तरांकडे त्यांचं लक्ष नव्हतं हे मला नंतर कळलं.

लग्न कोंडिबाच्या गावी, आंदर मावळात, पंधरवड्याच्या आत झालं. मला बोलावणं होतं, मी गेलो. बाई गेल्या नाहीत. आपण गेलो तर लोक लग्न सोडून आपल्याकडेच बघतील असं म्हणाल्या, आणि हिरवं लुगडं माझ्याजवळ दिलं. कन्यादानाला कोंडिबा आणि त्याची बायको बसली. ठकूबाई बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती, अक्षता टाकताना तिचा हात सगळ्यांच्या नंतर वर गेला. पाठवणीच्या वेळी सगुणा आधी मामीच्या पाया पडली, तिला आई म्हणाली. मग ठकूबाईपुढं आली.  “येते आत्या,” सगुणा म्हणाली. राघूसमोर तिनं डोक्यावर पदर ओढून घेतला तेव्हा तो पाऊलभर मागं सरला, जसा सासऱ्यानं सरायचा असतो. मंडपातले सगळे जाणते होते. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते नातं मनापासून पाळलं. लबाडी म्हणावी तर ती गावभर मिळून केलेली होती, आणि दयेपोटी केलेली होती.

डॉसनबाईंचं मात्र मी म्हटलं होतं तसंच झालं. बाजारात ‘भावाशी लगीन केलेली मडम’ असं त्यांचं नाव पडलं. दूधवालीनं दूध फाटकाशी ठेवून जायला सुरुवात केली. भांडी घासणारी बाई गेली. काही महिने सगुणानंच सगळं घर रेटलं, दिवस भरत आले तरी. बाईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांचा धडा चालू होता. आम्ही नात्यांच्या प्रकरणाकडे परत गेलो नाही. पुढे साहेबाची बदली मध्य हिंदुस्थानात झाली आणि ती दोघं गेली. त्यांच्या आईनं त्यांना पुढे बोलावलं की नाही, मला माहीत नाही. निघताना त्यांना ते विचारावं असं फार मनात होतं, पण साहेब जवळच उभा होता, आणि मी हवापाण्याचंच बोललो. धंद्याची सवय. दुसऱ्याचं बोलणं पोचवण्यात जन्म गेला, आपलं विचारायचं ते राहून जातं.

म्हादू आणि सगुणा खंडाळ्यालाच राहिली, दुसऱ्या बंगल्यात. धाकटीचं लग्न झालं. आबा गेले. राघूही गेला. त्याच्या दहाव्याला सगुणा भावकीतल्या सुनांमध्ये बसली होती, असं म्हादूनं मला सांगितलं. 

दुसरी लढाई चालू होती त्या सुमारास एकदा मी कामशेतच्या स्टेशनावर लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. बाजाराचा दिवस, गर्दी पुष्कळ. बाकाच्या टोकाला एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती, तिनंच मला ओळखलं. ठकूबाई. लेकीला, म्हणजे भाचीला, भेटायला निघालीत का, असं मी विचारणार होतो. पण जीभ आवरली आणि नुसतं ‘कुठं?’ म्हटलं. ती म्हणाली, तीच यायची हाय गाडीनं.

खंडाळ्याकडची गाडी आली. बायकांच्या डब्यातून सगुणा उतरली, अंगानं भरलेली, हाताशी सहा-सात वर्षांची परकरी पोर. पाठोपाठ त्यांच्या भावकीतल्या दोन बायका उतरल्या. सगुणानं पदर सावरला, वाकून पाया पडली आणि म्हणाली, “आत्या, लय येळ बसलात का उन्हात?” आवाज अगदी सरावाचा. इतकी वर्षं म्हटलेला शब्द जसा निघावा तसा निघाला. त्या बायका पुढं गेल्या.

पोर मात्र वाट बघत थांबली नाही. गाठोडं ओलांडून ती म्हातारीच्या मांडीवर जाऊन आदळली. “आजी!” म्हणाली, आणि आणखी दोनदा म्हणाली. फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

ठकूबाईनं तिला घट्ट धरलं. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हातारी म्हणाली, “मास्तर, तुमी नात्यांचं शिकिवता. आयच्या आयला आजी, आन् आयच्या आत्याला बी आजीच म्हनत्यात न्हवं?”

मी म्हणालो, हो. बापाकडून धरलं तरी आजीच.

“कुटनं बी मोजा, आजीच,” ती म्हणाली. मग पोरीच्या कानाशी तोंड नेऊन, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, “मार गं, आजून येक हाक मार.”